अपुऱ्या कथेचे वारस

१. दोन मते, एक अज्ञान

ज्या कथेचा शेवट अद्याप लिहूनच झालेला नाही तिची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या, आणि ती पडद्यावर येणार अशी नुसती कुणकुण लागताच कोणता नट कोणत्या भूमिकेत शोभेल याचा रात्र रात्र खल करणाऱ्या मंडळींविषयी आपल्या सुशिक्षित समाजात दोन मते रूढ आहेत. पहिले मत असे, की ही माणसे रिकामटेकडी असून स्वतःच्या आयुष्यात काही घडत नाही म्हणून दुसऱ्याच्या कल्पित राज्यात काय घडणार याची चिंता वाहत बसतात. दुसरे मत दिसायला अधिक उदार आहे. त्यानुसार वाचकाने पहिला भाग विकत घेतला त्याच क्षणी पुढील भागांचा अलिखित करारनामा झाला, लेखक ऋणको ठरला, वाचक सावकार ठरला, आणि मुदत टळल्यावर तगादा लावण्याचा त्याला हक्कच आहे. ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसली तरी त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे, ती ही की वाट पाहणाऱ्याला ‘पुढे काय झाले’ एवढी बातमी हवी असते. पहिल्या मताला ती बातमी क्षुल्लक वाटते आणि दुसऱ्याला ती थकबाकी वाटते, एवढाच काय तो फरक.

माझे म्हणणे असे, की ही समजूतच उथळ आहे. अपुऱ्या कथेची प्रतीक्षा ही बातमीची प्रतीक्षा नसून ते वाचनच आहे, किंबहुना वाचनाचा सर्वांत कष्टाचा भाग आहे. प्रतीक्षा करणारा केवळ शेवट मागत नाही. आरंभापासून आपल्यापुढे टाकलेल्या सूचना खरोखरच सूचना होत्या, याची कबुली तो ज्याने त्या टाकल्या त्याच हाताकडून मागतो. तो हात थांबला आणि दुसऱ्याने कथा पुरी केली, तर जुना हात कोठे संपला आणि नवा कोठे सुरू झाला तो सांधा त्याला दिसला पाहिजे. त्याचा खरा हक्क एवढाच आहे, आणि दूरचित्रवाणीच्या आजच्या रिवाजात नेमका तोच बुडतो.

२. ज्या प्रकरणाने हा वाद पेटला

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकी लेखकाच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला भाग १९९६ साली प्रसिद्ध झाला, तिसरा २००० साली आणि चौथा पाच वर्षांच्या खंडानंतर २००५ साली. पुढचा भाग वर्षभरात यावा अशी आशा लेखकाने चौथ्या भागाच्या अखेरीस व्यक्त केली होती. तो यायला २०११ सालचा जुलै उजाडला. मधल्या काळात, २००७ साली, एचबीओ या वाहिनीने मालिकेचे हक्क घेतले. २००९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी चाचणीचा भाग चित्रित झाला, तो मनासारखा न उतरल्याने काही नटही बदलून बराचसा पुन्हा चित्रित करावा लागला. आणि अखेर एप्रिल २०११ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पडद्यावर आले. त्यानंतर मालिकेने आठ पर्वांत ७३ भाग पुरे केले, मे २०१९ मध्ये ती संपलीही, आणि कादंबरीमालेचा सहावा भाग मात्र आजतागायत निघालेला नाही. याच प्रतीक्षेच्या काळात, २००९ साली, लेखक हा वाचकाचा बांधील नोकर नाही असे नील गेमन या कादंबरीकाराने वाचकांना खडसावून सांगितले होते. ते बरोबरच होते. परंतु त्या उत्तराने सावकारी मताचा निकाल लागला तरी प्रतीक्षेचे स्वरूप काय, हा प्रश्न तसाच राहिला.

३. शेवट ठाऊक असूनही जे तो मागतात

प्रतीक्षा ही बातमीची भूक असती तर ज्याला बातमी आधीच ठाऊक आहे त्याने शेवट मागितलाच नसता. आपल्याच देशातला दाखला याच्या उलट साक्ष देतो. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकापाशी थांबली. त्या वेळी उत्तरेतील काही शहरांतल्या वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला, शहरांत कचऱ्याचे ढीग साचले, आणि उत्तरकांड दाखवावे ही त्यांची मागणी सरकारला मान्य करावी लागली. आता उत्तरकांडात काय आहे हे त्या संपकऱ्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? सीतेला आश्रय देणारे आणि लवकुशांना वाढवणारे वाल्मीकी ज्या भागात येतात, तोच भाग गाळून ‘रामायण संपले’ असा शेरा मारला गेला होता, आणि तो शेरा पुसून त्याच पडद्यावर, त्याच निर्मात्याच्या हातून कथा पुरी व्हावी असा त्यांचा आग्रह होता. मजकूर त्यांना मुखोद्गत होता, त्याला अधिकृतपणा हवा होता. शेवट कळणे आणि शेवट मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसे संप करतात ते दुसरीसाठी.

४. शेवट नसेल तर आरंभही अनिर्णित राहतो

अपुऱ्या कथेत केवळ शेपूट गहाळ असते आणि बाकीचे अंग शाबूत असते, असे आपण सहजच धरून चालतो. तसे नसते. मार्टिन यांच्या १९९६ सालच्या पहिल्याच भागात एक सरदार आपल्या मृत्युशय्येवरील बहिणीला दिलेले वचन पुन्हा पुन्हा आठवतो; ते वचन काय होते हे मात्र सांगितले जात नाही. वाचक ही गाठ मनात घेऊन पुढची हजारो पाने वाचतो. मालिकेने या वचनाचा उलगडा २०१६ साली केला; पुस्तकाने अजून केलेला नाही. आता त्या पहिल्या भागातील प्रत्येक आठवण ही पेरलेले बीज होते की लेखकाच्या हातून सुटलेला धागा, हे ठरवायला आज आपल्यापाशी साधन कोणते? मालिकेचा उलगडा वाचकांच्या तर्काशी जुळला म्हणून तो लेखकाचाही ठरत नाही. चतुर वाचकाचा तर्क आणि निर्मात्याचा तर्क जुळावा यात आश्चर्य काय? शेवटाच्या पानावर अवलंबून असलेला निवाडा असा पहिल्या पानापर्यंत मागे जातो, आणि तोवर सारे पुस्तकच तहकूब असते.

हीच गोष्ट आपल्याकडच्या पिढीने वेगळ्या वेषात पाहिलेली आहे. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ (१८८८) या हिंदी कादंबरीवरून नीरजा गुलेरी यांनी केलेली मालिका १९९४ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. आमचे वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. ऐन वेळी लाइन गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर बारा व्होल्टचा कृष्णधवल संच लावायचा, एका पोराने धाब्यावर चढून अँटेना फिरवायचा, आणि पडद्यावरच्या मुंग्या हटल्या की खालून सगळ्यांनी ‘आलं, आलं, राहू दे’ म्हणून ओरडायचे, असा तो सोहळा होता. क्रूरसिंहाचा ‘यक्कू’ तर पुढे कित्येक वर्षे शाळेच्या वर्गांतून ऐकू येत असे. यातल्या बहुतेकांनी खत्रींचे पुस्तक पाहिलेले नव्हते. ज्यांनी ते वाचले होते त्यांची तक्रार मात्र लक्षात घेण्याजोगी होती. खत्री तिलिस्मातील चमत्कार आधी दाखवतात आणि मग कळसूत्रे, गुप्त दरवाजे, बेशुद्धीची औषधे यांनी त्याचा उलगडा करतात. प्रत्येक आश्चर्याचे कारण निघेल हे त्यांचे वाचकाला दिलेले वचन आहे. मालिकेने तेथे खरीखुरी जादू आणून बसवली. कथानक बदलले याचा राग नव्हता, रूपांतर म्हणजे पर्यायी कथानकच असते. पण कारण सापडेल या भरवशावर ज्याने लक्ष देऊन पाहिले त्याला कारणच नाही असे सांगण्यात आले. खत्री यांचा स्वतःचा वृत्तान्तही येथे नोंदवण्याजोगा आहे: ‘भूतनाथ’ ही कादंबरीमाला पुरी होण्यापूर्वीच, १९१३ साली, ते वारले, आणि उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी लिहिले. ते कोणते, हे वाचकांना ठाऊक होते.

५. वत्सगुल्माची अर्धी कहाणी

आता जो दाखला द्यायचा तो या जिल्ह्याच्या मातीतला आहे, आणि माझ्या सर्व युक्तिवादाचा भार त्याच्यावर आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी; याच शाखेच्या विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट वाशिम येथे सापडला, याच शाखेचा सर्वसेन हा ‘हरिविजय’ या आज लुप्त असलेल्या प्राकृत काव्याचा कर्ता, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख कोरवणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेणाचा सचिव. हरिषेण हा या वंशाचा सर्वांत बलाढ्य राजा. त्याच्यामागून गादीवर आलेल्या राजाचे नाव लेखांतून मिळत नाही. एवढे मोठे राज्य कसे बुडाले, याचा समकालीन वृत्तान्त नाही.

तो वृत्तान्त एका कथेत दडलेला आहे असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तील आठव्या उच्छ्वासात विदर्भाचा राजा पुण्यवर्मा आणि त्याचा पुत्र अनंतवर्मा यांची हकिकत येते. पुत्राला दण्डनीतीचा कंटाळा. वृद्ध अमात्य वसुरक्षित उपदेश करतो, पण विहारभद्र नावाचा गोडबोल्या राजनीतीच्या अभ्यासाचीच टवाळी करून राजाला चैनीकडे वळवतो. अश्मकाचा राजा वसंतभानू हे सारे हेरून शेजारच्या राजांना उठवतो आणि अनंतवर्मा मारला जातो. राणी वसुंधरा मुलांसह माहिष्मतीला आश्रयाला जाते, तर तेथे दिरापासूनच राजपुत्र भास्करवर्म्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. विंध्यारण्यात भटकणाऱ्या त्या पोराची गाठ विश्रुत नावाच्या कुमाराशी पडते, आणि विश्रुत त्याचे राज्य परत मिळवून द्यायचा विडा उचलतो. मिराशींच्या मते पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि ही वाकाटकांच्या ऱ्हासाची सावली. दण्डीचे पूर्वज विदर्भातील अचलपूरचे असल्याचे ‘अवंतिसुंदरीकथे’वरून दिसते, तेव्हा ही आठवण घराण्यात उतरली असणे असंभाव्य नाही. अमेरिकेतील कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा आपला सारा कालक्रम याच सूत्रावर उभारला. सर्वच विद्वानांना तो मान्य नाही, पण तो वाद येथे अप्रस्तुत आहे.

प्रस्तुत आहे ते हे, की दण्डीचा मूळ मजकूर याच हकिकतीच्या ऐन रंगात थांबतो. अश्मकेश्वराशी अखेरचा सामना व्हायचा आहे, आणि पुढे लेखणी नाही. ग्रंथाचा आरंभही गहाळ आहे. आज आपण वाचतो ती पूर्वपीठिका आणि उत्तरपीठिका नंतरच्या हातांनी जोडलेल्या आहेत, आणि त्या हातांनी आपले नाव सांगितलेले नाही. उत्तरपीठिकेत वसंतभानूचा पराभव होतो, भास्करवर्मा विदर्भाच्या सिंहासनावर बसतो, सारे आलबेल होते. सांधा न ओळखणारा वाचक हे सर्व दण्डीचेच मानील, आणि मिराशींच्या सूत्राने चालत असेल तर वाकाटकांचे राज्य पुन्हा उभे राहिले असेही मानून बसेल. इतिहासात तर हरिषेणानंतर शांतता आहे. ज्या राज्याच्या शेवटाविषयी एकच साक्षीदार उरला त्या साक्षीदाराचा जबाब मध्येच तुटलेला, आणि तुटल्या जागी कोणी तरी भलत्याने सुखान्त जोडून दिलेला! सांधा कळला नाही तर येथे केवळ रसभंग होत नाही, गेलेले राज्य कागदावर परत येते.

तो सांधा आपल्याला कळतो तोही जोडणाऱ्याच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे, त्याच्या गाफीलपणामुळे. मूळ ग्रंथात प्रमती हा कामपालाचा पुत्र आहे, पूर्वपीठिकेत तो सुमतीचा पुत्र होऊन बसतो. अशा विसंगती पंडितांनी एकेक करून वेचल्या म्हणून दण्डीचा हात वेगळा काढता आला. जोडणारा थोडा अधिक दक्ष असता तर आज आपण निमूटपणे फसलो असतो.

६. कारंज्याच्या पोथ्यांतील शिस्त

अपुरा ग्रंथ दुसऱ्याने पुरा करणे हा आपल्या परंपरेत अपवाद नव्हता, आणि त्याची एक शिस्त होती. याच जिल्ह्यातील कारंजा लाड येथील बलात्कारगण आणि सेनगण यांच्या जैन शास्त्रभांडारांत शतकानुशतके जतन झालेल्या पोथ्यांमुळे अपभ्रंश वाङ्मयाचा फार मोठा भाग उजेडात आला. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित सूचीत त्यांची नोंद झाली, आणि पुढे प्रा. हिरालाल जैन यांच्या प्रयत्नाने कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यात परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ साली संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य आमच्या प्रश्नाला जणू मुद्दाम योजल्यासारखे आहे. दहाव्या शतकातील या काव्याच्या एका श्रोत्याला, वीसल साहू नावाच्या गृहस्थाला, काही प्रसंग त्यात नाहीत याची हळहळ वाटली. त्याच्या आग्रहावरून गंधर्व नावाच्या कवीने विक्रम संवत १३६५ मध्ये तीन प्रसंग रचून काव्यात घातले, आणि कोणता भाग आपला आहे हे त्याने काव्यातच सांगून ठेवले. त्यामुळे सहाशे वर्षांनी संपादकाला पुष्पदंत आणि गंधर्व वेगळे करणे सोपे गेले. रसिकाची मागणी, तिची पूर्तता आणि पूर्ततेची कबुली, तिन्ही एका पोथीत आहेत.

गंधर्व एकटा नाही. स्वयंभूच्या ‘पउमचरिउ’चे ९० संधी आहेत, त्यांतील अखेरचे सात पुत्र त्रिभुवनाचे, हे त्या ग्रंथावरूनच समजते. जिनसेनाचार्यांचे महापुराण ४२ पर्वे आणि ४३ व्या पर्वाचे तीन श्लोक झाल्यावर थांबले. शिष्य गुणभद्राने ते पुरे करताना, उसाचा पूर्वार्धच काय तो रसाळ असतो, उत्तरार्ध कसाही उतरला तरी उतरो, अशा अर्थाची कबुली देऊन मगच आरंभ केला. आणि बाणभट्टाची ‘कादंबरी’ पुरी करणाऱ्या त्याच्या पुत्राने तर कारणच सांगून टाकले आहे: कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हात घातला, कवित्वाच्या दर्पाने नव्हे. प्रतीक्षा करणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य नीट ध्यानात घ्यावे. सातव्या शतकातील हा पुत्र, बापाच्या वियोगाचा शोक ताजा असताना, वाचकांच्या असमाप्तीच्या दुःखाला ‘सज्जनांचे दुःख’ म्हणतो आणि त्यासाठी उरलेला ग्रंथ लिहून काढतो.

जमिनीचा खातेदार वारला की तलाठ्याकडे वारसाची फेरफार नोंद होते. जमीन तीच राहते, पीकही तेच, पण कोणत्या तारखेपासून कोणाचे नाव, हे कागदावर येते, आणि त्या नोंदीवाचून पुढचे व्यवहार अडून राहतात. गुणभद्राने, त्रिभुवनाने, गंधर्वाने केली ती अशीच नोंद.

७. दूरचित्रवाणीने बिघडवले ते काय

पडद्यावरील रूपांतराला माझा विरोध नाही. रूपांतर हा स्वतंत्र धंदा आहे आणि त्याला फेरफाराची मुभा हवी. बिघाड निराळा आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पहिली पर्वे छापील ग्रंथावर आधारलेली होती, सहाव्या पर्वाच्या सुमारास, २०१६ साली, मालिका ग्रंथाच्या पुढे गेली. लेखकाने शेवटाच्या काही ठळक बाबी निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांना खासगीत सांगून ठेवल्या होत्या. बाकीचे त्यांनी स्वतः रचले. म्हणजे कथेची मालकी या क्षणी खरोखर बदलली होती, पण श्रेयनामावलीतली ओळ पहिल्या पर्वापासून आठव्यापर्यंत तीच राहिली: अमुक यांच्या ग्रंथमालेवर आधारित. जो ग्रंथ अस्तित्वात नाही त्यावर आधारित, हा मजकूर कोणत्याही दप्तरात खोटा दस्तऐवज ठरला असता. अखेरचे पर्व पुन्हा करा अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या तेव्हा त्यांना हट्टी पोरे ठरवण्यात आले. अर्जाची भाषा पोरकट होती, हे खरे. पण तिच्यामागची अस्वस्थता पोरकट नव्हती. दृढनिश्चयी राणी एका दिवसात नगर जाळून टाकते, हे घडणे लेखकाच्या मनातले होते की निर्मात्यांच्या घाईतले, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठरवता येत नव्हते, आणि म्हणून मागची सारी वर्षे आपण जे वाचले ते बरोबर वाचले की नाही, हेही ठरवता येत नव्हते.

याच्या शेजारी रॉबर्ट जॉर्डनचे उदाहरण ठेवावे. ‘व्हील ऑफ टाइम’ ही प्रचंड कादंबरीमाला अपुरी टाकून तो २००७ साली वारला. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने २००९, २०१० आणि २०१३ साली अखेरचे तीन खंड काढले, आणि तिन्हींच्या मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. सँडरसनचा हात जॉर्डनसारखा नाही अशी कुरकुर तेथेही झाली. पण ती उघड्या सांध्याविषयीची कुरकुर होती, फसवणुकीची फिर्याद नव्हती.

८. हरकती आणि त्यांचा विचार

सर्वांत सबळ हरकत अशी: सांधा दाखवण्याचा आग्रह ही छापखान्याने आणि स्वामित्वहक्काच्या कायद्याने आणलेली मालकीबुद्धी आहे; आपली परंपरा कथेला कोणाची मालमत्ता मानत नव्हती, रामकथा शेकडो मुखांतून वाहिली. वर दिलेले दाखले मुद्दाम छापखान्यापूर्वीचे घेतले आहेत, यातच अर्धे उत्तर आले. उरलेले अर्धे पैठणात आहे. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांचे, आणि पुढचे शिष्य गावबाचे. गावबाला लोक मंदबुद्धी समजत, तरी नाथांनी आपले काम त्याच्या हाती दिले असे परंपरा सांगते, त्याने नाथांच्या वाणीशी एकरूप होऊन लिहिले असेही सांगते, आणि तरीही अध्यायाचा आकडा सोडत नाही! मालकीचा लवलेश नसलेल्या भक्तिसंप्रदायालाही कोणाचा हात कोठे थांबला हे विसरावेसे वाटले नाही. कथा सर्वांची आहे म्हणूनच ती कोणाकोणाच्या हातून आली याची वहिवाट राखावी लागते.

दुसरी हरकत आपल्या जिल्ह्याकडे बोट दाखवून घेतली जाईल. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्याचे नाव आहे, जेथे माणसे सोयाबीनच्या भावाची आणि पीकविम्याच्या रकमेची वाट पाहतात, तेथे कल्पित राज्यांच्या वारसाहक्काची चर्चा हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय? ही हरकत वरवर नैतिक आहे, आत ती वऱ्हाडच्या माणसाला कमी लेखते. पोटाची चिंता असलेल्याला कथेची चिंता नसते, हे ज्याने म्हटले त्याने सप्ताहातल्या कीर्तनाला रात्री दोन वाजेपर्यंत बसलेला शेतकरी पाहिलेला नाही. शिवाय विलंब आणि खोटी नोंद यांतला भेद त्या शेतकऱ्याला पुण्या-मुंबईच्या समीक्षकाहून चांगला कळतो. उशीर तो सोसतो. नोंद चुकीची झाली तर मात्र अपील करतो.

तिसरी हरकत अपूर्णतेच्या सौंदर्याची आहे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे पुरे झाले असते तर तेथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. ते अर्धे राहिले, आणि अर्धे राहिल्यामुळेच खडक वरून खाली कसा खोदत आणत हे आज समजते. मान्य. पण कोरीव कामाने बघणाऱ्याला वचन दिलेले नसते. कथेने दिलेले असते. हरि नारायण आपट्यांची ‘कर्मयोग’ अपुरी राहिली याचे सौंदर्यशास्त्र त्यांच्या वाचकांना कोणी समजावायला गेले असते तर त्यांनी त्याला बाहेरचा दरवाजा दाखवला असता.

९. प्रतीक्षेची रीत

उरतो एक प्रश्न, आणि तो वाट पाहणाऱ्यांना अडचणीचा आहे. लेखक जिवंत आहे, लिहीत नाही, किंवा लिहून फाडतो आहे. अशा वेळी वाचकाने करायचे काय? तगादा लावू नये हे गेमनने सांगितले, पण मग केवळ गप्प बसावे काय?

पुष्पदंताकडेच परत यावे लागते. हा कवी वऱ्हाडचा असावा असा काही पंडितांचा तर्क आहे. त्याचे काम राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात झाले. ‘महापुराण’ त्याने इसवी सन ९५९ मध्ये सुरू केले. आदिपुराणाचा भाग संपला आणि त्याचे मन उडाले. पुढे लिहिण्यात काही अर्थ वाटेना, तो तसाच बसून राहिला. हे तो स्वतःच पुढच्या संधीच्या आरंभी सांगतो. आश्रयदाता भरत हा राष्ट्रकूट कृष्ण तृतीयाचा मंत्री. पैसा त्याचा, घर त्याचे, आणि काव्य त्याच्याच सांगण्यावरून घेतलेले. सावकारी मताप्रमाणे वसुलीचा याहून पक्का अधिकार कोणाला असणार? भरत कवीकडे गेला, आपल्या हातून काही आगळीक झाली काय असे त्याने विचारले, आणि काम पुन्हा हाती घेण्याची विनवणी केली. दुसऱ्या कवीला बोलावून उरलेला भाग उरकून घेतला नाही. ९६५ मध्ये १०२ संधी पुरे झाले, आणि प्रत्येक संधीच्या अखेरच्या पुष्पिकेत कवीच्या नावाशेजारी, या काव्याला अनुमती देणारा म्हणून, भरताचे नाव पुष्पदंताने स्वतः लिहून ठेवले आहे.